काटेकोरांटीची कुंडी दर ऑक्टोबरात का बसते : समस्या आणि उपाय

तक्रार ठरलेली असते. जूनमध्ये झाड हिरवंगार होतं, जुलै-ऑगस्टमध्ये वीत-दीड वीत नवी वाढ येते, गणपतीत घरी आलेला पाहुणा गॅलरीत डोकावून "हे कुठलं झाड?" असं विचारतो. घटस्थापनेच्या आसपास खालची पानं पिवळी पडायला लागतात. दसऱ्यापर्यंत खालचा निम्मा दांडा उघडा पडतो. आणि दिवाळीत, माळावरची काटेकोरांटी पिवळ्या-केशरी फुलांनी लगडलेली असते तेव्हा, कुंडीतली मात्र मान टाकून उभी असते. शेंडे काळपट, कळी एकही नाही. मग कुणी बुरशीनाशक फवारतं, कुणी खत घालतं, कुणी पाणी वाढवतं. जानेवारीत ती जराशी सावरते. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तेच.

माझी दोन झाडं अशीच गेली, लागोपाठ दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी झाड बसायला लागलं तेव्हा पानांकडे बघणं सोडलं आणि कुंडी आडवी केली. जे दिसलं ते इथे नीट लिहून ठेवतेय, कारण हाच प्रश्न मला ओळखीतल्या सहा-सात जणांनी तरी विचारलाय, आणि बहुतेकांच्या कुंडीत तेच निघालं.

कुंडीच्या पोटात काय होतं

कुंडी आडवी करून कडेला हाताने थोपटलं, झाड मातीसकट बाहेर आलं. बाहेरचं चार बोटं मिश्रण छान मोकळं होतं. माझंच केलेलं, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेलं. मधोमध मात्र नारळाएवढा लाल मातीचा गोळा होता. नर्सरीतल्या काळ्या पिशवीचा आकार जसाच्या तसा, तळाशी पिशवीच्या भोकांच्या खुणासुद्धा शाबूत. पंधरा महिने झाले होते लावून. अंगठ्याने दाबला तर ओल्या साबणाच्या वडीसारखा लागला. मोडला, तर आत तपकिरी मुळं. त्यातलं एक चिमटीत धरून हलकं ओढलं, तशी त्याची साल मोजा काढावा तशी सुटून हातात आली आणि आत केसासारखा दोरा तेवढा राहिला. वास तुंबलेल्या मोरीचा.

मुळं कुजल्याची यापेक्षा खात्रीची खूण नाही. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट बदामी असतं, ओढल्यावर ताण देतं, आणि त्याला मातीचाच वास येतो.

हा लाल गोळा येतो कुठून? नर्सरीत रोपं पिशवीत भरताना चिकट लाल माती वापरतात. वाहतुकीत गोळा फुटत नाही, मुळं हलत नाहीत, म्हणून त्यांच्या दृष्टीने ती सोयीची. आपण घरी आणतो, पिशवी ब्लेडने कापतो, आणि "मुळांना धक्का नको" म्हणून गोळा आख्खाच्या आख्खा कुंडीत ठेवून भोवती आपलं भुसभुशीत मिश्रण भरतो. इथेच घोटाळा होतो. बारीक कणांची माती पाणी घट्ट धरून ठेवते. भोवतीचं भरड मिश्रण ते तिच्याकडून ओढून घेऊ शकत नाही. म्हणजे बाहेरचा भाग दोन दिवसांत सुकला, वरून बोट घालून बघितलं तर कोरडा लागला, तरी मधला गोळा चिंबच. आपण पुन्हा पाणी घालतो.

मग ऑगस्टमध्ये का नाही, ऑक्टोबरातच का

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मुळं कुजतात ती जुलै ते सप्टेंबरमध्ये, सतत ओल असते तेव्हा. पण त्या दिवसांत हवा दमट, आभाळ भरलेलं, पानांतून पाणी फारसं उडत नाही. अर्धी मुळं गेली तरी झाडाचं भागतं, आणि वरून ते तजेलदारच दिसतं. पाऊस संपतो, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागतं, आणि पानांची मागणी एकदम वाढते. पुरवायला मुळंच शिल्लक नसतात. झाड मग खालची पानं सोडून देतं आणि कळ्या धरायचं थांबवतं.

त्यात भर म्हणजे तोच लाल गोळा पहिल्यांदा कडक सुकला की आक्रसतो. आता पाणी त्याच्या कडेने सरळ खाली निघून जातं आणि आत थेंब शिरत नाही. म्हणजे एकाच कुंडीत एकच झाड पावसाळ्यात बुडतं आणि ऑक्टोबरात तहानेनं सुकतं. म्हणून ज्यांनी पाणी कमी केलं त्यांचंही झाड बसलं आणि ज्यांनी वाढवलं त्यांचंही. बुरशीनाशकाची फवारणी पानांवर करून यातलं काहीच बदलत नाही.

कुंडी उलटी करायची भीती वाटत असेल तर बांबूची पातळ काडी घ्या, खराट्याची जाडशी काडीही चालेल. खोडापासून दोन बोटं अंतरावर तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढा. वरचा भाग कोरडा आणि मधला भाग चिखलाने माखलेला निघाला, तर गोळा आत आहे. काडी मध्येच अडकून पुढे जाईना, तर तो आत आहे आणि वाळलाय.

आत्ता झाड बसलेलं असेल तर

त्या वर्षीच्या फुलांची आशा सोडा, झाड वाचवायचं बघा. खत अजिबात नको. कुजलेल्या मुळांना खत दिलं तर उरलेली मुळंही भाजतात.

झाड बाहेर काढा. हातात चामड्याचे किंवा जाड रबराचे मोजे घालाच, कारण काटेकोरांटीच्या पानांच्या बेचक्यातले काटे सुईसारखे सरळ असतात, टोक आत मोडून राहतं आणि बोट दोन दिवस ठणकतं. लाल गोळा बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. मग काडीने हळूहळू माती सोडवत जा. घाईने हिसडलं तर चांगली मुळंही तुटतात. सगळी माती निघायला हवी असं नाही, गोळ्याचा गोळेपणा मोडला पाहिजे. तपकिरी, साल सुटणारी मुळं धारदार कात्रीने कापून टाका, पांढऱ्यापर्यंत. मुळांवर कापसासारखी पांढरी पूड दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. तीही पाण्याच्या धारेने धुऊन काढा, आणि ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका.

मुळं जितकी गेली तितका वरचा भारही कमी करायला हवा. साधारण एक तृतीयांश शेंडे कापा. कापलेले हिरवे शेंडे फेकू नका, त्यातल्या बऱ्या फांद्या लावून ठेवा. मूळ झाड गेलं तर तेच हाताशी राहतं. झाड आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत उरलेल्या मूठभर मुळांच्या भोवती पुन्हा ओली माती साचते. एकदा भरपूर पाणी, मग दहा-बारा दिवस सावलीत, पण वारा लागेल अशा जागी. काडी कोरडी निघाल्याशिवाय दुसरं पाणी नाही. नवीन पालवीची हिरवी टोकं दिसली की उन्हात सरकवायचं.

माझं तिसरं झाड असंच वाचलं. त्या वर्षी फूल नाही आलं, पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिलं आलं आणि मग फेब्रुवारीपर्यंत येतच राहिली.

माती कशी हवी

काटेकोरांटी रानात कुठे वाढते ते आठवा. पुण्याच्या टेकड्यांवर, मुरमाड उतारावर, दगडी कुंपणाच्या कडेला, पडक्या भिंतीच्या पायथ्याशी, शेताच्या बांधावर. काळ्या मातीच्या गावातही ती दिसते, पण शेतात नाही, बांधावर. बांध नांगरला जात नाही हे एक कारण, आणि बांध उंच असल्यामुळे त्यावर पाणी ठरत नाही हे दुसरं. तिला पाणी चालतं, भर पावसात ती आनंदात असते. पाणी साचलेलं तिला सोसत नाही.

म्हणून बारा इंची मातीची कुंडी. प्लास्टिकची नको, मातीच्या कुंडीची भिंतही पाणी शोषते. दोन भाग मुरमाड माती, एक भाग विटांचा चुरा किंवा बारीक खडी, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. एवढंच. काळी माती घालायचीच असेल तर मूठभर. ती पाण्याने फुगते, सुकल्यावर भेगाळते, आणि कुंडीच्या लहानशा जागेत हे फुगणं-आक्रसणं मुळांना झेपत नाही. कोकोपीटही नको. तिथे ते ओल धरून ठेवायचं काम फारच चोख करतं.

कुंडी भरून झाली की लिटरभर पाणी एकदम ओता आणि घड्याळ बघा. मिनिटाभरात खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळ्यासारखं उभं राहिलं तर मिश्रण पुन्हा करा, तेव्हाच. नंतर करू म्हटलं की जुलै येतो.

खालची ताटली हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार. खालच्या मजल्यावर ठिबकतं म्हणून सोसायटीत ताटल्या ठेवाव्या लागतात, ते खरं आहे. पण पावसाळ्यात त्या ताटल्या भरलेल्याच राहतात, कुंडीचं बूड पाण्यात बसतं, आणि डासांची सोय होते ती वेगळीच. जून ते सप्टेंबर ताटली काढा. ते शक्यच नसेल तर कुंडीखाली विटेचे तीन तुकडे ठेवून ती ताटलीच्या वर उचलून धरा, आणि ताटली रोज ओतून द्या.

मुंबई-कोकणात पाऊस पुण्याच्या तिप्पट आणि त्याहून जास्त. तिथे कुंडी छपराच्या कडेच्या जरा आत ठेवा, म्हणजे तिला पाऊस तिरका लागेल, पागोळ्यांची धार मात्र थेट पडणार नाही. जमिनीत लावणाऱ्यांनी वीतभर उंच गादी करून तिच्यावर लावावं.

मुळं चांगली आहेत, झाड दाट आहे, तरी फूल नाही

हा वेगळा प्रश्न. दोन्ही एकत्र आले की माणूस गोंधळतो. इथे माझ्या अनुभवात तीन कारणं निघतात, आणि पहिलं कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

उत्तरेकडची गॅलरी. लोक सांगतात, "पण आमच्याकडे चांगलं ऊन येतं." येतं, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत. पुणे, मुंबई, नाशिक हा सगळा पट्टा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे त्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या गॅलरीतही ऊन उतरतं. ऑगस्टपासून तो डोक्याच्या दक्षिणेला जातो, आणि नेमकं कळ्या धरायच्या दिवसांत त्या गॅलरीतलं ऊन संपतं. झाड मग उंच, सडसडीत, विरळ होतं, पेरांमधलं अंतर वाढतं, आणि फूल येत नाही. कुंडी गणेश चतुर्थीच्या सुमारास दक्षिण किंवा पश्चिमेच्या बाजूला हलवा. तशी बाजूच नसेल तर गच्चीवर. पाच-सहा तास थेट ऊन तिला लागतंच. उत्तरेची एकच गॅलरी असलेल्यांना मी हे झाड लावा असं सांगणार नाही. त्या जागेला दुसरी चांगली झाडं आहेत.

दुसरं कारण कात्री. काटेकोरांटी पावसाळ्यातल्या नव्या वाढीवर, वरच्या पानांच्या बेचक्यात फुलते. शेंड्याकडे ही फुलं दाटून कणसासारखी होतात. नवरात्राच्या आधी घरची साफसफाई करताना "जरा आकार देऊ" म्हणून शेंडे छाटले की त्या वर्षीची फुलं कात्रीतच गेली. मोठी छाटणी फुलं आणि बिया संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा अर्ध्यापर्यंत कापली तरी चालते. जूनमध्ये नवीन फुटव्यांचे शेंडे एकदा खुडा, म्हणजे फांद्या वाढतात. जुलैनंतर कात्री ठेवून द्यायची.

तिसरं खत. दर पंधरवड्याला स्लरी, मध्येच युरियाचे दाणे, गुलाबाला घातलं तसं हिलाही. नत्र जास्त झालं की ती पानांतच रमते. हे माळावरचं झाड आहे. मार्चच्या छाटणीनंतर दोन मुठी कंपोस्ट, पाऊस पडायला लागल्यावर एक मूठ, आणि पुढे काही नाही. ज्यांना झाडाला खाऊ घातल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी ते शेजारच्या जास्वंदीला घालावं.

आधी झाड तेच आहे ना

हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मराठीत कोरांटी म्हणून दोन-तीन झाडं ओळखली जातात, आणि नर्सरीत त्यांची नावं बिनदिक्कत अदलाबदल होतात. आपण बोलतोय ती काटेकोरांटी, पिवळी कोरांटी, वज्रदंती. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनिटिस. हे नाव लिनियसने 1753 साली दिलं, आणि त्यातला 'बार्लेरिया' हा शब्द सतराव्या शतकातल्या जाक बारेलिए या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलाय. पानं समोरासमोर, टोकाला बारीक काटा, बेचक्यात दोन ते चार लांब फिकट काटे. फूल पिवळं ते केशरी, नळीसारखं, पाच पाकळ्यांचं. त्यातल्या चार वर एकत्र आणि एक खाली सुटी, जीभ काढल्यासारखी. दोन पुंकेसर बाहेर डोकावतात. एकदा जवळून बघितलं की पुन्हा चुकत नाही.

पांढरी किंवा जांभळी फुलणारी, बेचक्यात काटे नसलेली कोरांटी वेगळी. तिला थोडी सावली आणि थोडं जास्त पाणी चालतं. आणि कोळिस्ता, म्हणजे तालिमखाना, हा काटेकोरांटीचा दूरचा नातेवाईक, एकाच अडुळशाच्या कुळातला. त्यालाही काटे, पण ते प्रत्येक पेराभोवती कड्यासारखे, खोड चौकोनी, फूल निळं-जांभळं. तो तळ्याकाठी, भातखाचराच्या कडेला, चिखलात वाढतो. माझ्या एका मैत्रिणीने कोळिस्ताच कोरांटी समजून मुरमात लावला होता आणि तो वाळत होता. तिला जे करायला सांगायचं ते वर लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलट होतं. म्हणून उपाय करण्याआधी काटे कसे आहेत ते बघा.

पानांवर काय दिसतंय

काळ्या, अंगभर फांद्यांसारखे काटे असलेल्या अळ्या पानं कुरतडताना दिसल्या तर हात आवरा. पँसी फुलपाखरांच्या काही जाती, उदाहरणार्थ लेमन पँसी, काटेकोरांटीवर अंडी घालतात. या अळ्यांपासून आपल्याला अपाय नाही. दिवसा त्या बऱ्याचदा खाली खोडाजवळ लपतात, म्हणून पानं गायब आणि खाणारा दिसत नाही असं होतं. झाड निरोगी असेल तर खाल्लेली पानं पंधरा दिवसांत भरून येतात. देशी झाड लावायचं आणि त्याच्यावर जगणाऱ्या देशी फुलपाखराला औषध मारायचं, हे मला पटत नाही.

पिठ्या ढेकूण ही मात्र खरी डोकेदुखी. फेब्रुवारी ते मे. तो नेमका काट्यांच्या मागे, बेचक्यात बसतो, जिथे कापसाचा बोळा पोचत नाही. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासायचा, मग नळीने जोरात पाणी. त्यानंतर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली भांड्यांचा द्रव साबण, नीट ढवळून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. एकदा फवारून थांबलात तर पिल्लं पुन्हा चढतात. आणि मुंग्यांची रांग कुठून येतेय ते शोधा. मुंग्या त्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याला सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्यांची वाट तोडली की निम्मं काम होतं.

थंडीत पानांवर पिठूळ डाग आले तर ती भुरी. बहुतेकदा गर्दीमुळे. कुंड्या लांब करा, डागाळलेली पानं काढा. फारच पसरली तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. निंबतेलाची फवारणी झाल्यावर दोन आठवडे गंधक मारू नका, आणि कडक उन्हात तर नकोच. पानं करपतात.

मे महिन्यातलं मेल्यासारखं झाड

एप्रिल-मेमध्ये काटेकोरांटी बरीच पानं टाकते. फक्त काटे आणि काड्या उरतात. दर वर्षी या दिवसांत झाड मेलं समजून उपटून टाकणारे लोक मला माहीत आहेत, आणि घाबरून रोज बादलीभर पाणी ओतणारेही. दोन्ही करू नका. फांदीवर नखाने बारीकसा ओरखडा काढा. साल खरवडल्यावर आत हिरवं दिसलं तर ती झोपलीय. माळावर ती असाच उन्हाळा काढते. आठवड्यातून एक-दोनदा पाणी पुरे. फांदी तपकिरी आणि काटकन मोडणारी असेल तर खाली खाली ओरखडत जा, हिरवं लागेल तिथे कापा.

जूनचा पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत त्याच काड्यांवर जोडीजोडीने पालवी फुटते. हाच कुंडी बदलायचा सगळ्यात चांगला काळ आहे. मातीचा गोळा फोडणं, मुळं मोकळी करणं हे सगळं तेव्हा करा. झाडाच्या अंगात तेव्हा नवी मुळं धरायचा जोर असतो, ऑक्टोबरात तो नसतो.

नवीन रोप आणताना

टेकडीवरून झाड उपटून आणू नका. जुन्या झाडाचं मुख्य मूळ खोल गेलेलं असतं, ते तुटतं, आणि कुंडीत ते झाड जगत नाही. टेकडीचंही नुकसान, तुमचंही. फांदी किंवा बी आणा.

फांदी जून-जुलैमध्ये, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक, ना कोवळी ना फार जून, तीन-चार पेरांची. खालची पानं काढायची, दोन पेरं भरड वाळूत, अर्ध्या सावलीत. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. वर पालवी फुटली म्हणजे मुळं आलीच असं नसतं, हलकं ओढून बघा.

बी जमवायचं तर टपून बसावं लागतं. बोंडात दोनच बिया असतात, आणि बोंड पिकून सुकलं की तडकून त्या लांब फेकतं. बोंड हिरव्याचं तपकिरी व्हायला लागलं की फांदीच्या टोकाला जुन्या मलमलीची लहान पिशवी बांधा. बी ओलं झालं की त्याच्यावरची लव फुगून बुळबुळीत होते आणि ते मातीला चिकटून बसतं, म्हणून पेरल्यावर वर फार माती टाकायची गरज नाही. पहिल्या पावसात पेरायचं.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती, कारण माहेरची आठवण म्हणून बी मागणारे असतात. तिथल्या उत्तर भागात काटेकोरांटी आक्रमक तण ठरलीय, सरकारी यादीत आहे. तिथे ती लावू नका, नेऊही नका. आपल्याकडे ती आपल्या माळाची आहे, इथल्या अळ्या-किड्यांसोबत वाढलेली. तिथे तसं नाही.

नर्सरीतूनच घ्यायचं असेल तर पिशवी दाबून बघा. दगडासारखी कडक किंवा लोण्यासारखी लिबलिबीत असेल तर आत लाल गोळा आहे. तरी घ्या, हरकत नाही, पण घरी आणल्यावर तो बादलीत भिजवून फोडल्याशिवाय लावू नका, भले मुळं थोडी तुटोत. जुलैत लावलेली फांदी त्या वर्षी फुलेलच असं नाही. बहुतेक वेळा पहिलं फूल दुसऱ्या हिवाळ्यात येतं, आणि तोवर झाड हिरवं, काटेरी, पेरं जवळजवळ असलेलं दिसत असेल तर त्याच्यात काही बिघडलेलं नाही, त्याला काहीही घालू नका.